तीन निरोप आणि सतरा वर्षं

१९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी दोन संगणकांना एकमेकांची ओळख पटवण्यासाठी एक प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांच्या देवाणघेवाणीची ठरावीक रीत, मांडला. एकमेकांच्या सार्वजनिक किल्ल्या (ज्यांनी कुणीही निरोप बंद करू शकतो, पण उघडू शकतो फक्त त्या किल्लीचा मालक) आधीच ठाऊक आहेत असं धरलं, तर त्यात फक्त तीन निरोप उरतात. अ आपलं नाव आणि एक ताजा, गुप्त आकडा ब ला पाठवतो. ब तो आकडा परत करतो आणि सोबत आपला नवा आकडा जोडतो. मग अ ब चा आकडा परत पाठवतो. प्रत्येक निरोप ज्याच्यासाठी आहे त्याच्याच किल्लीने बंद केलेला, म्हणजे वाटेत कुणी पकडला तरी वाचता येणार नाही. हा संवाद जाणकारांनी वर्षानुवर्षं डोळ्यांखालून घातला होता, आणि एका तर्कपद्धतीने तो बिनचूक असल्याचंही दाखवून झालं होतं.

१९९५ मध्ये गॅविन लो यांनी त्यातलं भोक दाखवलं. समजा अ ने क शी बोलायला सुरुवात केली आणि क लबाड निघाला. क अ चा पहिला निरोप उघडतो, ब च्या किल्लीने पुन्हा बंद करतो आणि ब कडे पाठवतो. ब ला वाटतं, अ बोलतोय. तो अ च्या किल्लीने बंद केलेलं उत्तर देतो. क ला ते उघडता येत नाही, पण त्याला उघडायचंही नाही. तो ते जसंच्या तसं अ कडे सरकवतो. अ ला ते क चंच उत्तर वाटतं, म्हणून तो आतला आकडा काढून क च्या किल्लीने बंद करून क ला देतो. ब चं गुपित क च्या हाती लागलं. तोच आकडा ब ला परत केला की ब च्या लेखी समोर अ उभा आहे. उपाय एवढासाच: दुसऱ्या निरोपात ब ने आपलं नाव घालायचं.

कुठलीही किल्ली फुटली नाही, गणित कुठेही चुकलं नाही. दोन वेगळे संवाद एकमेकांत गुंतले आणि त्या गुंत्यात घात झाला. पुढच्या वर्षी लो यांनी हाच प्रोटोकॉल गणिती भाषेत लिहून एफडीआर नावाच्या प्रोग्रॅमला तपासायला दिला. यंत्राने घटनांचे सगळे शक्य क्रम चाळले आणि हल्ल्याचा क्रम समोर ठेवला.

एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमांची खरी अडचण या क्रमांमध्येच आहे. दोन प्रोग्रॅम, प्रत्येकात १० पायऱ्या. त्या एकमेकींत मिसळण्याचे प्रकार होतात १,८४,७५६. तिसरा तेवढाच प्रोग्रॅम आला की हा आकडा साडेपाच लाख कोटींच्या पुढे जातो. टेस्टिंगमध्ये यातले मूठभर क्रम अनुभवाला येतात, तेही बहुधा तेच ते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत इथली वीज गेली, सुमारे ५ कोटी लोक अंधारात सापडले. त्या दिवशी ओहायोतल्या एका वीज कंपनीची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा मुकाट बंद पडली होती आणि नियंत्रण कक्षात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. कारण होतं रेस कंडिशन: दोन कामं एकाच डेटावर एकाच क्षणी पोचली. हे सॉफ्टवेअर त्याआधी ठिकठिकाणी मिळून लाखो तास विनातक्रार चाललं होतं. म्हणून ‘इतकी वर्षं चाललंय’ हा युक्तिवाद मला अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत धोकादायक वाटतो.

मग करायचं काय? संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९७८ मध्येच एक वाट दाखवली होती. प्रोग्रॅमांनी सामायिक मेमरीत हात घालायचाच नाही; प्रत्येकाने आपापलं काम करायचं आणि बोलायचं असेल तर फक्त निरोपांनी. ही मांडणी सीएसपी (कम्युनिकेटिंग सिक्वेन्शियल प्रोसेसेस) म्हणून ओळखली जाते, आणि एफडीआर याच मांडणीवर उभा आहे. रॉबिन मिल्नर यांनी १९८० मध्ये सीसीएस हे एकमेकांशी बोलणाऱ्या प्रणालींचं गणित मांडलं आणि प्रश्न विचारला की बाहेरून बघणाऱ्याला दोन प्रणाली ‘सारख्याच वागतात’ असं केव्हा म्हणायचं. १९९२ मध्ये मिल्नर, योआकिम पॅरो आणि डेव्हिड वॉकर यांचं पाय-कॅल्क्युलस आलं. त्यात चॅनलवरून, म्हणजे निरोप जाण्याच्या वाटेवरून, दुसऱ्या चॅनलचं नावच पाठवता येतं, त्यामुळे कोण कुणाशी बोलू शकतो हे चालू प्रणालीत बदलत राहतं.

पण सगळे क्रम यंत्राने चाळायचे, याला मर्यादा आहे. डॅनिएल ब्रँड आणि पित्रो झाफिरोपुलो यांनी १९८३ मध्ये दाखवलं की निरोपांच्या रांगा हव्या तेवढ्या वाढू शकत असतील, तर दोनच साधी यंत्रं कुठे अडकतील का, हे सरसकट ठरवणारी रीत असूच शकत नाही. इथे संगणकाचा वेग वाढवून उपयोग नाही. आधी संवादालाच शिस्त लावावी लागते.

ती शिस्त कोहेई होंडा यांनी १९९३ मध्ये सुचवली. त्यातून पुढे घडले सेशन टाइप्स. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत चॅनल आहेत, पण चॅनलचा टाइप सांगतो फक्त त्यातून काय जाणार: आकडा की अक्षरं. सेशन टाइप क्रमही सांगतो: ‘वस्तूचं नाव पाठव, किंमत घे, मग होकार निवडलास तर पत्ता पाठव आणि तारीख घे, नकार निवडलास तर संपव.’ समोरच्याचा टाइप याचीच उलट बाजू. जिथे इकडे पाठवणं, तिथे तिकडे घेणं; इकडे निवडणं, तर तिकडे दोन्ही पर्यायांना तयार असणं. दोन्ही बाजू अशा जुळतात का, आणि कोड आपापल्या बाजूला धरून चालतो का, हे कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासतो. क्रमांची ती अफाट यादी चाळावीच लागत नाही, आणि मला या कल्पनेचं खरं सौंदर्य यातच दिसतं. २००८ मध्ये होंडा, नोबुको योशिदा आणि मार्को कार्बोने यांनी हे दोनांवरून अनेकांवर नेलं: आधी संपूर्ण संवादाचा एकच आराखडा लिहायचा, मग त्यातून प्रत्येकाच्या वाट्याचा भाग काढायचा.

एवढ्यानेही डेडलॉकचा, म्हणजे एकमेकांची वाट बघत सगळेच अडकून बसण्याचा, प्रश्न पूर्ण मिटत नाही. पहिला प्रोग्रॅम ‘क्ष’ चॅनलवर निरोप घेतो, मग ‘य’ वर पाठवतो. दुसरा ‘य’ वर घेतो, मग ‘क्ष’ वर पाठवतो. चॅनल सुटे सुटे तपासले तर दोन्ही अगदी नियमात: एक पाठवणारा, एक घेणारा. चालवून बघा, दोघेही कायमचे ताटकळत बसतात. लुइश कायरेश आणि फ्रँक फेनिंग यांनी २०१० मध्ये सेशन टाइप्सचं लिनियर लॉजिकशी, म्हणजे प्रत्येक गृहीतक एकदाच वापरायचं अशा तर्कशास्त्राशी, नातं जोडलं. त्या मांडणीत दोन प्रोग्रॅम एका वेळी एकाच चॅनलने जोडले जातात, त्यामुळे असं चक्र तयारच होत नाही. त्यापायी काही निर्दोष प्रोग्रॅमही नाकारले जातात. वीज, वैद्यकीय उपकरणं अशा ठिकाणी ही किंमत मोजायला माझी हरकत नसेल.

सध्या बरंच काम चाललंय ते वेगळ्याच अडचणीवर. या मांडण्यांनी सुरुवातीला गृहीत धरलं होतं की संवाद सुरू करणारा तो शेवटपर्यंत नेतो. प्रत्यक्षात सर्व्हर मध्येच बंद पडतात. म्हणून नव्या पद्धतींमध्ये आराखड्यातच एक जादा फाटा लिहितात: ब उत्तर देण्याआधी बंद पडला, तर अ ने काय करायचं. तो फाटा आराखड्यात असला आणि कोडमध्ये नसला, तर तपासणीत प्रोग्रॅम पास होत नाही.