लोहखनिजाच्या गोळ्यांना उसाचा आधार मिळेल का?

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम केलेल्याला बेंटोनाइट काय ते सांगावं लागत नाही. मोल्डिंगच्या वाळूला साच्यात उभी धरणारी ही चिकणमाती गुजरातेत कच्छात सापडते. होस्पेटकडचं जे खनिज लोंढ्यावरून गोव्याकडे जाताना खानापूरवाल्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, त्या लोहखनिजाच्या पेलेट, म्हणजे भाजलेल्या गोळ्या, करतानाही हीच माती लागते. पण तिथे ती शक्य तितकी कमी वापरावी, असा प्रयत्न चाललेला असतो.

खनिजाची बारीक भुकटी तशीच लोखंड बनवण्याच्या झोतभट्टीत टाकली तर वायूला वर जायला वाट राहत नाही. म्हणून तिच्यात पाणी नि बेंटोनाइट घालून फिरत्या तबकडीवर ८ ते १६ मिलिमीटरचे गोळे वळतात आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. टनाला ६ ते १० किलो बेंटोनाइट लागतं. किरकोळ वाटतं, पण मंगळूरच्या केआयओसीएल या सरकारी कंपनीच्या पेलेट कारखान्याची क्षमता वर्षाला ३५ लाख टन आहे. टनाला ८ किलो धरले तर २८ हजार टन माती होते! तिच्यात निम्म्याहून जास्त सिलिका, शिवाय अ‍ॅल्युमिना. ती वेगळी काढायला चुनखडी लागते, स्लॅग (लोखंडावर तरंगणारा टाकाऊ भाग) वाढतो, आणि तो वितळवायला जादा कोक (भाजलेला दगडी कोळसा) जळतो.

या मातीऐवजी दुसरं काय, म्हटलं की ऊसपट्ट्यात पहिला विचार मळीचा येतो. मला तो पटत नाही. मळीत पोटॅशियम भरपूर असतं. ते भट्टीत वाफ होऊन फिरत राहतं, कोक ठिसूळ करतं, अस्तर खातं. आणि मळीला आता इथेनॉलचं गिऱ्हाईक आहेच.

बगॅसचं, म्हणजे उसाच्या चोथ्याचं, तसं नाही. त्यातला सेल्युलोज वेगळा करून कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केली की कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी मिळतो. टनाला अर्धा ते एक किलो पुरतो. ओला गोळा ४५ सेंटिमीटरवरून पोलादी पत्र्यावर टाकून तपासतात. चार-पाच आपटण्या सोसायला हव्यात. सीएमसीचा गोळा त्या सोसतो.

अडचण पुढे, गोळे भाजण्याच्या भट्टीत आहे. सीएमसी ३०० अंशांच्या आतबाहेर जळू लागतो, आणि हेमॅटाइट या लोहखनिजाचे कण एकमेकांत नीट जुळतात ते १२०० अंशांपुढे. स्लॅब धरण्याआधीच सेंटरिंग काढावं तशी मधल्या टप्प्यात गोळ्याची गत होते. तो फुटला की पुन्हा भुकटी, आणि वायूची वाट पुन्हा बुजते. बेंटोनाइट जळत नाही. एरवी नकोशी असलेली त्यातली सिलिका नेमकी इथे कणांना धरून ठेवते.

कोलेमनाइटसारखं बोरॉनचं खनिज थोडं घालता येतं; ते लवकर वितळून कणांना सांधतं. पण ते मुख्यतः तुर्कस्तानातून आणावं लागतं. त्यापेक्षा बेंटोनाइट निम्म्यावर आणून उरलेलं काम सीएमसीवर सोपवणं मला जास्त व्यवहार्य वाटतं. भट्टी बदलावी लागत नाही, आणि मधल्या टप्प्यापुरती माती शिल्लक राहते.

बगॅसच्या सीएमसीवर काम करू पाहणाऱ्या इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी म्हणूनच ओल्या गोळ्याच्या चिकटपणावर खूश होऊन थांबू नये. कॉलेजातल्या मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या छोट्या बंद भट्टीत, गोळे ९०० ते १००० अंशांपर्यंत तापवावेत, गार करावेत आणि किती वजनाखाली फुटतात ते आधी मोजावं.