भूमिगत कोळसा खाणीलगतच्या भूजलाची व झऱ्यांची देखरेख

भूमिगत कोळसा खाणीच्या आसपासच्या विहिरी, कूपनलिका, झरे आणि ओढे यांची पातळी, प्रवाह व गुणवत्ता ठरावीक काळाने मोजून नोंदवण्याची पद्धत. ही मोजणी खाण सुरू होण्याआधी किमान एक पूर्ण पावसाळा-उन्हाळा झालेली असावी लागते. ती नसेल तर पुढे घेतलेल्या आकड्यांची तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही.

इंदूर जिल्ह्यात कोळसा नाही. माळव्याचे पठार बेसॉल्टचे. तरी इंदूरकरांचा या विषयाशी लांबचा का होईना, संबंध आहे. बैतूल जिल्ह्यातील पाथाखेड्याचा कोळसा शेजारच्याच सारणीच्या सातपुडा औष्णिक विद्युत केंद्रासाठी निघतो आणि त्या भागाचे पाणी तवा नदीतून नर्मदेला मिळते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून इंदूरला येणारे पाणी त्याच नर्मदेचे, संगमाच्या बरेच खालून उचललेले. (खाणीचे पाणी इंदूरच्या नळाला येते असा अर्थ यातून काढू नये, मध्ये इंदिरा सागरासारखा अवाढव्य जलाशय आहे.) छिंदवाडा जिल्ह्यातील पेंच-कन्हान खोऱ्याचे पाणी मात्र दक्षिणेला उतरते, वैनगंगेमार्गे गोदावरीला जाते आणि वाटेत नागपूरकरांच्या पिण्याला लागते.

पाणी का हलते? कोळशाचे थर गोंडवाना काळातील बराकर वालुकाश्मात असतात आणि हा वालुकाश्म स्वतःच जलधर, म्हणजे पाणी साठवणारा व वाहू देणारा खडक, आहे. खाण कोरडी ठेवायची तर झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. त्यामुळे खोल थरातील पाण्याचा दाब उतरतो आणि ती घट दूरवर जाणवते. इंदुरात शेजारच्या प्लॉटवर खोल बोरिंग झाले की आपले आटले, अशी तक्रार कॉलनी-कॉलनीत ऐकू येते. तत्त्व तेच, फक्त खाणीचा उपसा रात्रंदिवस आणि कित्येक वर्षे चालतो. वरची उथळ विहीर मात्र त्या काळात जशीच्या तशी राहू शकते, कारण मध्ये शेलसारखे पाणी न सोडणारे थर असतात. म्हणूनच केवळ गावातल्या विहिरी मोजून ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. वेगवेगळ्या खोलीचे पीझोमीटर (ठरावीक थरातील पाण्याची पातळी मोजण्याच्या अरुंद नळ्या) शेजारी-शेजारी हवेत.

खाणीत छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढून छत कोसळू दिले, की चित्र बदलते. वरचे खडक तडकतात, जमीन खचते, आणि ज्या थरांनी विहिरीचे पाणी धरून ठेवले होते त्यांतूनच वाट फुटते. या टप्प्यावर सर्वांत बोलका साक्षीदार झरा. झरा म्हणजे भूजलपातळी जमिनीला जिथे छेदते ती जागा; पातळी हातभर उतरली तरी तो आटू शकतो, तर विहिरीत तेवढा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. पेंच-कन्हान भागात काही ठिकाणी गोंडवाना खडकांवर डेक्कन ट्रॅपचे, म्हणजे बेसॉल्टचे, आवरण आहे. अशा सांध्यांवरचे झरे आधीच नकाशावर घ्यावेत. प्रत्यक्षात नोंदवहीत झऱ्यांना शेवटचे पान मिळते.

झऱ्याचे मोजमाप साधे आहे. 20 लिटरची बादली 25 सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला 0.8 लिटर. प्रवाह मोठा असेल तर ओढ्यात 90 अंशांच्या खाचेची पट्टी बसवतात. खाचेच्या टोकावर पाणी 10 सेंमी. चढले तर प्रवाह सेकंदाला सुमारे 4.4 लिटर. विहिरीत टेप सोडायची ती कठड्यावरच्या रंगवलेल्या एकाच खुणेपासून, आणि नंतर कठड्याची उंची वजा करायची. पहाटे, मोटर लागण्यापूर्वी. दुपारी मोजलेली पातळी बहुधा खाणीची नसून शेजाऱ्याच्या पंपाची असते.

भारतात पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार सहसा वर्षातून चार वेळा मोजणी होते: एप्रिल-मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. झऱ्यांसाठी हे अंतर फार मोठे; आठवड्याची नोंद आणि जवळचे पर्जन्यमापक यांची जोड हवी. खाणीच्या प्रभावाबाहेरची एक तुलना-विहीरही लागते, नाहीतर दुष्काळाचे खापर खाणीवर किंवा खाणीचे दुष्काळावर फुटते. खाणीतल्या पंपांचे तास रोज लिहिले जातातच; पाऊस पडल्यावर किती दिवसांनी उपसा वाढतो हे त्यांवरून पाहिले, की वरच्या भेगा खाणीपर्यंत पोचल्या आहेत का याचा अंदाज येतो.

गुणवत्तेत पीएच, विद्राव्य क्षार, सल्फेट, लोह आणि कठीणपणा पाहतात. भारतीय मानक 10500 (2012) नुसार पिण्याच्या पाण्यात विद्राव्य क्षार लिटरला 500 मिग्रॅ. पर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. सल्फेट चढत जाणे ही खाणीतील पायराइटचे (लोह व गंधकाच्या खनिजाचे) ऑक्सिडीकरण झाल्याची खूण होय. मध्य भारतातील कोळशात गंधक कमी असल्याने मेघालयासारखे तीव्र आम्लपाणी इथे सहसा होत नाही.

खाण बंद झाली, पंप थांबले, की पोकळ्या भरू लागतात आणि पाणी सर्वांत सखल तोंडातून बाहेर पडू शकते. पाणी भरलेली जुनी पोकळी शेजारच्या चालू खाणीला घातक असते. 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिकली खाणीत पाणी घुसून 63 कामगार गेले. 1975 मध्ये धनबादजवळच्या चासनाळ्यात 375. बंद खाणीतील पाण्याची पातळी म्हणूनच पीझोमीटरवर पुढेही पाहत राहावी लागते, आणि तिथे माणूस नेमण्यात सगळ्यांत जास्त टाळाटाळ होते.