मांसात रुजलेले हाड

अंगठ्याच्या मुळाशी मुका मार बसतो. चार दिवसांत सूज उतरेल म्हणून आपण थांबतो. सूज थोडी उतरते, पण तीन-चार आठवड्यांनी तिथे टणक गाठ हाताला लागते आणि एक्स-रेमध्ये मांसाच्या जागी खडूच्या भुकटीसारखी पांढरट छटा दिसते. ते हाडच असते, फक्त चुकीच्या जागी उगवलेले. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मांडीचा पुढचा भाग आणि कोपराजवळचा दंड या त्याच्या नेहमीच्या जागा. तळहातात ते क्वचितच होते, म्हणूनच तिथे ते चटकन लक्षात येत नाही.

नावही फसवेच. मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह, आणि इथे दाह हे काही मूळ दुखणे नव्हे. शिवाय याच नावाखाली एक अगदी वेगळा, जन्मजात आजारही बराच काळ वावरला. लंडनचे शल्यविशारद जॉन फ्रीक यांनी 1736 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाचे वर्णन केले होते: मानेपासून माकडहाडापर्यंत पोवळ्याच्या फांद्यांसारखी फुटलेली हाडे. त्या आजारामागचा जनुकीय दोष 2006 मध्ये सापडला. मुका मार लागून होणाऱ्या गाठीशी त्याचा संबंध नाही.

माराची गाठ जास्त ओळखीची होती ती सैन्यात. घोडेस्वारांच्या मांडीच्या आतल्या बाजूला, तर कवायतीत बंदुकीचे धक्के खाणाऱ्या शिपायांच्या खांद्याच्या स्नायूत असे हाड धरायचे.

खरी भीती कॅन्सरची. नवी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली हाडाच्या कॅन्सरसारखी दिसू शकते, आणि या घोटाळ्यापायी विनाकारण अवयव कापण्यापर्यंत वेळ येऊ शकते. 1958 मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन अ‍ॅकरमन यांनी तिची ठेवण नीट मांडली. नारळ आठवा: बाहेर पक्की करवंटी, आत मऊ. या गाठीतही परिपक्व हाड कडेला आणि कच्च्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मध्यभागी. कॅन्सरमध्ये साधारणपणे याच्या उलट. म्हणजे बायोप्सीचा तुकडा नेमका मधलाच आला, तर निष्णात माणूसही चकतो.

स्नायूत हाड येते कुठून, यावर 1965 मध्ये अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांच्या प्रयोगाने प्रकाश पडला. आम्लाने क्षार काढून टाकलेले हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, आणि तिथे नवे हाड तयार झाले. हाडातली काही प्रथिने आसपासच्या पेशींना हाड बनवायला लावतात, हे पुढे त्यातूनच उलगडत गेले.

आपल्याकडे मात्र मार लागला की तेल लावून चोळायचे, नाहीतर हाडवैद्याकडे जाऊन ओढून घ्यायचे. कोपराच्या दुखापतीनंतर जोरात मालिश केल्यास हे हाड धरू शकते, असे अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांना इथे आवर्जून शिकवतात. गाठ काढायची झाली, तरी तिच्यातले हाड परिपक्व होईपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा कित्येक महिने, थांबण्याची रीत आहे. अनेकदा तोवर ती आपोआप लहान होते.