'द मॅजिक फ्लूट'मागचं लॉज: मोझार्ट आणि व्हिएन्नाचे फ्रीमेसन

३० सप्टेंबर १७९१ च्या संध्याकाळी व्हिएन्नाच्या तटाबाहेरच्या उपनगरात मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. 'थिएटर आउफ डेर वीडेन' हे काही दरबारी ऑपेरागृह नव्हतं. तिकीट काढून येणाऱ्या साध्या प्रेक्षकांची ती जागा होती, आणि त्यांना उडती यंत्रं, प्राण्यांची सोंगं, विनोदी गाणी हवी असत. प्रकारही त्यांच्या सवयीचाच होता: जर्मन भाषा, गद्य संवाद आणि मधूनमधून गाणी, थोडंफार आपल्या संगीत नाटकासारखं. पहिल्या अंकात साप, जादूची बासरी, पिसांचा पोशाख घातलेला पक्षी पकडणारा पापागेनो असं सगळं यथासांग येतं. दुसरा अंक उघडतो तेव्हा मात्र रंगमंचावर पुजाऱ्यांची सभा भरलेली असते. एका तरुणाला दीक्षा द्यावी की नाही, यावर ते गंभीरपणे विचार करत असतात आणि मध्येच सुषिर वाद्यांवर तेच भारदस्त सूर तीन-तीनदा उमटतात. त्या रात्री प्रेक्षकांत जे फ्रीमेसन, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाचे सदस्य, असतील, त्यांना हे दृश्य कुठून आलं ते सांगायची गरज पडली नसेल.

या दृश्यामागे सात वर्षांचा इतिहास आहे. थोडं आणखी मागे जायला हवं.

फ्रीमेसनरीचं आधुनिक रूप १७१७ मध्ये लंडनला ग्रँड लॉज स्थापन झालं तिथून धरतात. लॉज म्हणजे फ्रीमेसनांची शाखा. दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांची हत्यारं आणि शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा पायऱ्या घेऊन त्यांना नैतिक अर्थ देणारी ही संघटना वेगानं युरोपभर पसरली. १७३८ मध्ये पोपनं तिच्यावर बंदी घातली. व्हिएन्नात पहिलं लॉज १७४२ मध्ये निघालं आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या सैनिकांनी त्यावर छापा घातला. तिचा स्वतःचा नवरा फ्रान्झ मात्र १७३१ पासून फ्रीमेसन होता! १७८० मध्ये ती वारली आणि मुलगा दुसरा योसेफ एकटा राज्य करू लागला. त्यानं धार्मिक सहिष्णुतेचा हुकूम काढला, मठ बंद केले, सेन्सॉर सैल केला. व्हिएन्नातली लॉजं फोफावली ती या काही वर्षांत.

मोझार्ट १४ डिसेंबर १७८४ रोजी आत आला. वय २८. 'परोपकार' असा अर्थ असलेल्या नावाचं हे छोटंसं लॉज होतं आणि त्याचा प्रमुख ओटो फॉन गेमिंगेन हा नाटककार मोझार्टच्या आधीपासूनच्या ओळखीचा होता. शहरातलं सर्वांत वजनदार लॉज मात्र 'खरी एकजूट' हे होतं. त्याचा प्रमुख इग्नाट्स फॉन बॉर्न हा खनिजशास्त्रज्ञ. धातुकातून चांदी वेगळी करण्याची पाऱ्याची पद्धत त्यानं सुधारली होती आणि प्राचीन इजिप्तमधल्या पुजाऱ्यांच्या गूढविधींवर १७८४ मध्ये एक लांबलचक निबंधही लिहिला होता. आफ्रिकेतून लहानपणी गुलाम म्हणून आणलेला आणि पुढे व्हिएन्नाच्या उच्चभ्रू वर्तुळात वावरणारा आंगेलो सोलिमान याच लॉजचा सदस्य होता. संगीतकार हायडन ११ फेब्रुवारी १७८५ रोजी इथंच दाखल झाला. मोझार्टचे वडील लेओपोल्ड मुलाला भेटायला व्हिएन्नाला आले आणि त्या वसंतात तेही फ्रीमेसन होऊन साल्झबुर्गला परतले.

मोझार्टला इथं काय मिळालं? सरदार, डॉक्टर, वाद्यवादक, कापडाचा व्यापारी एकमेकांना 'बंधू' म्हणत एका खोलीत बसत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या घरी मोझार्ट नोकरांच्या पंगतीला जेवला होता. तो अपमान त्याच्या पत्रांत स्पष्ट दिसतो. अशा माणसाला लॉजमधली समानता किती जिव्हाळ्याची वाटली असेल, हे समजायला कुठल्या गुप्त कागदपत्रांची गरज नाही. मृत्यूकडे बघण्याची त्याची नजरही इथंच घडली, असं मला वाटतं. ४ एप्रिल १७८७ रोजी आजारी वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो मृत्यूला माणसाचा सर्वांत खरा मित्र म्हणतो. दोन दिवंगत बंधूंच्या स्मरणार्थ १७८५ मध्ये लिहिलेलं 'मेसॉनिक फ्युनरल म्युझिक' ऐकलं, तर हे नुसते सांत्वनाचे शब्द नव्हते हे पटतं. त्या छोट्या रचनेत बॅसेट हॉर्न या क्लॅरिनेटच्या जातीच्या वाद्याचा काळोखा आवाज आणि चर्चमधली जुनी धून एकत्र येतात आणि शेवट अचानक उजळतो.

पण मोझार्ट आत आला आणि वर्षभरातच बहर ओसरू लागला. डिसेंबर १७८५ मध्ये योसेफनं फर्मान काढलं: लॉजांची संख्या कमी करा, सदस्यांच्या याद्या सरकारला द्या. व्हिएन्नातल्या आठ लॉजांची दोन झाली. मोझार्टचं लॉज 'नवमुकुटित आशा' नावाच्या लॉजमध्ये विलीन झालं. वर्षभरात बॉर्न बाहेर पडला. पाठोपाठ बरेच जण गळाले. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि प्रत्येक गुप्त सभेकडे राजसत्ता कटाचा अड्डा म्हणून पाहू लागली. मोझार्ट राहिला. १७८८ पासून ज्या व्यापाऱ्याकडे तो पत्रांतून काकुळतीनं पैसे मागत होता, तो मिखाएल पुखबेर्गही लॉजबंधूच होता.

म्हणून 'द मॅजिक फ्लूट' कधी लिहिला गेला हे महत्त्वाचं आहे. लॉज जोरात असताना नव्हे, तर ते आक्रसत असताना, त्याचं नाव घेणंही संशयास्पद होत असताना. संहिता लिहिणारा आणि पापागेनो रंगवणारा एमानुएल शिकानेडर पूर्वी रेगेन्सबुर्गच्या लॉजमध्ये होता. संहिता छापणारा इग्नाट्स आल्बेर्टी मोझार्टचाच लॉजबंधू. इजिप्तचं वातावरण तेरासोंच्या १७३१ च्या 'सेथोस' या फ्रेंच कादंबरीतून आलं. अग्नी आणि पाण्याच्या परीक्षाही तिथल्याच.

तीन या आकड्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे: तीन बायका, तीन मुलगे, तीन मंदिरं, तीन कोमल स्वरांची ई फ्लॅट पट्टी. ते सगळं खरं आहे, पण आकडे मोजण्यात या ऑपेराचा गाभा हाती लागत नाही. रात्रीची राणी म्हणजे मारिया थेरेसा आणि पुजाऱ्यांचा प्रमुख सारास्ट्रो म्हणजे बॉर्न, हा तर्कही असाच. बॉर्न पहिल्या प्रयोगाच्या दोन महिने आधी वारला, त्यामुळे तो मोहक वाटतो. पुरावा मात्र नाही.

गाभा आहे पामीनात, रात्रीच्या राणीच्या मुलीत. फ्रीमेसनांच्या १७२३ च्या इंग्लिश घटनेत स्त्रियांना आणि गुलामांना स्पष्ट मज्जाव होता. ऑपेरातले पुजारीही बायकांबद्दल हिणकस बोलतात. तरीही शेवटच्या परीक्षेला तामिनोच्या, म्हणजे दीक्षा घेणाऱ्या त्या तरुणाच्या, बरोबरीनं पामीना उभी राहते आणि आगीतून जाताना त्याचा हात धरून ती त्याला पुढे नेते. दीक्षा दोघांना मिळते. लॉजनं शिकवलेली समानता मोझार्ट आणि शिकानेडरनं लॉजच्या उंबरठ्यापलीकडे नेली, ती इथं. पापागेनो तर परीक्षेत सपशेल नापास होतो, तरी त्याला त्याची पापागेना मिळतेच.

एका ठिकाणी मात्र दार बंद राहिलं. मोनोस्टाटोस हा कृष्णवर्णी नोकर खलनायकच राहतो. गोरी कांती सुंदर आणि आपण कुरूप, हे त्याच्याच तोंडी घातलं आहे. सोलिमान बंधू म्हणून वावरत असलेल्या शहरात हे लिहिलं गेलं, याचं मला दुःख होतं. पुढे १७९६ मध्ये सोलिमान वारल्यावर त्याची कातडी काढून, लाकडी पुतळ्यावर चढवून, सम्राटाच्या संग्रहात प्रदर्शनाला ठेवली गेली. मुलीनं केलेली विनवणी व्यर्थ गेली.

ऑपेरातल्या दीक्षेच्या प्रसंगांकडे मोझार्ट किती गांभीर्यानं पाहत होता, ते ऑक्टोबर १७९१ च्या त्याच्या एका पत्रावरून कळतं. बॉक्समध्ये शेजारी बसलेला एक ओळखीचा गृहस्थ पुजाऱ्यांच्या दृश्यालाही हसत सुटला. मोझार्टनं त्याला समजावून पाहिलं, मग 'पापागेनो' म्हणून तिथून काढता पाय घेतला.

त्याची पूर्ण झालेली शेवटची रचना लॉजसाठीच होती. १५ नोव्हेंबर १७९१ रोजी त्यानं एक छोटा कँटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आपल्या रचनांच्या वहीत नोंदवला आणि लॉजच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला तो स्वतः सादर केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं अंथरूण धरलं आणि ५ डिसेंबरला तो गेला. लॉजमध्ये श्रद्धांजलीचं भाषण झालं, ते आल्बेर्टीनं छापलं. कँटाटा छापला गेला तो विधवा कॉन्स्टांट्सच्या मदतीसाठी. गुपितं फोडली म्हणून फ्रीमेसनांनीच मोझार्टला विष दिलं, ही एकोणिसाव्या शतकात पसरलेली कथा या वागण्यापुढे टिकत नाही. संहिता लिहिणारा शिकानेडर तर पुढे वीस वर्षं जगला.

शिकानेडरनं नोव्हेंबर १७९२ मध्ये ऑपेराचा शंभरावा प्रयोग जाहीर केला. लॉजांची अवस्था मात्र उलटी होती. नव्या सम्राटाच्या, दुसऱ्या फ्रान्झच्या, पोलिसांनी १७९४ मध्ये जाकोबिन (फ्रेंच क्रांतीच्या समर्थकांच्या) कटाच्या आरोपाखाली धरपकड केली आणि पुढच्या वर्षी गुप्त संघटनांवर सरसकट बंदी आली. व्हिएन्नात लॉज उघडपणे भरवायला पुन्हा परवानगी मिळाली ती १९१८ मध्ये, हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळल्यावर.