पोळीच्या कामाचा नसलेला, तरी पोळीशी नातं असलेला गहू: गेन्स

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात पुलमन नावाचं गाव आहे आणि त्याच्या आजूबाजूला पलूसच्या टेकड्या (सांगलीच्या पलूसशी काही संबंध नाही, उगाच गंमत). वाऱ्याने उडून आलेल्या बारीक मातीचे थरच्या थर, आणि सगळीकडे गहू. 1961 मध्ये इथून गेन्स नावाचं वाण बाहेर पडलं. मऊ, पांढरा, हिवाळी आणि बुटका असा हा गहू.

हिवाळी म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यात काय एवढं, आपलाही गहू रब्बीचाच की. पण वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने आपले लोकवन-शरबती सगळे वसंती प्रकारातले, त्यांना थंडी मानवते पण ती मिळालीच पाहिजे अशी अट नसते. गेन्सची अट असते. सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरला की उगवतो, थोडे फुटवे करतो, मग बर्फाखाली नुसता बसून राहतो आणि कापणी थेट पुढच्या जुलै-ऑगस्टला. आत चाललेलं असतं असं, की एक जीन फुलोऱ्याला ब्रेक लावून बसलेला असतो आणि कित्येक आठवडे सलग कडक थंडी मिळाली की दुसरा जीन हळूहळू जागा होऊन तो ब्रेक काढतो. हाच गहू आपल्याकडे नोव्हेंबरात पेरलात तर गवतासारखा हिरवागार माजेल, पण ओंबीची वाट बघत बसाल.

मऊपणाची भानगड त्याहून इंटरेस्टिंग. गव्हाच्या दाण्यात स्टार्चचे कण असतात आणि भोवती प्रोटीनचं जाळं. मऊ गव्हात प्युरोइंडोलिन नावाची दोन प्रोटीनं या कणांच्या पृष्ठभागावर असतात आणि जाळ्याला घट्ट चिकटू देत नाहीत, त्यामुळे दळताना दाणा सहज फुटतो आणि स्टार्चचे कण बऱ्यापैकी शाबूत राहतात. या दोनपैकी एका जीनमध्ये जरी बिघाड झाला तरी गहू कडक होतो. आणि आपला बन्सी? त्या जातीच्या गव्हात ही प्रोटीनं बनवणारा गुणसूत्रांचा संचच नाही, म्हणून तो इतका टणक आणि म्हणूनच त्याचा रवा एवढा छान पडतो.

कडक गहू दळताना स्टार्चचे कण फुटतात आणि फुटलेला स्टार्च पाणी भरपूर पितो. आपली चक्कीवरची कणीक मळताना पाणी ओतत राहावं लागतं ते यामुळेच, आणि पोळी मऊ राहण्यात या पाण्याचा मोठा वाटा असतो. मऊ गव्हाचं पीठ पाणी कमी पितं, त्यात प्रोटीनही साधारण 9-10 टक्केच, म्हणजे ताणणारं ग्लुटेन कमी. पोळीला हा गहू नको, पण बिस्किट आणि केकला अगदी हेच हवं, बिस्किट भट्टीत नीट पसरतं आणि केक चिवट होत नाही. म्हणून या भागातला बराचसा मऊ पांढरा गहू पोर्टलंडच्या बाजूच्या बंदरांतून जहाजात चढतो आणि जपान, कोरिया, फिलिपीन्सला जातो.

पांढरेपणाचं गणित सोपं. दाण्याच्या सालीला लाल रंग देणारे तीन जीन असतात, त्यातला एक जरी चालू असला तरी दाणा लालसर, तिन्ही बंद असतील तरच पांढरा. पण याची किंमत मोजावी लागते, पांढऱ्या गव्हाची सुप्तावस्था (पिकल्यावर लगेच न उगवता थांबून राहणं) सहसा कमकुवत, कापणीच्या तोंडावर पाऊस आला की दाण्याला ओंबीतच मोड यायला लागतात. मग अल्फा अमायलेज एन्झाइम स्टार्च तोडतं आणि केक फुगायच्या ऐवजी बसतो. 2016 ला या भागातल्या शेतकऱ्यांना याचा चांगलाच फटका बसला होता, दिसायला ठीकठाक असलेल्या मालालाही भाव कापून मिळाला.

आता बुटकेपणा, ज्यासाठी गेन्सचं खरं नाव झालं. जुने उंच गहू नत्र जास्त दिलं की वाढायचे आणि ओंबीच्या वजनाने आडवे पडायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कृषितज्ज्ञ सेसिल सॅल्मन यांनी जपानमधून नोरिन 10 या जेमतेम दोन फुटी गव्हाचं बी आणलं, आणि पुलमनचे गहू-संशोधक ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा ब्रेव्हर या तिथल्या गव्हाशी संकर केला. (हा माणूस भारी, प्लॉटवरची पेरणी-मळणीची यंत्रंसुद्धा स्वतः बनवायचा.) त्याच संकरातून पुढे गेन्स आला. नोरिनच्या बुटकेपणाच्या जीनमुळे झाड जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला दाद देत नाही, काडी आखूड राहते आणि वाचलेलं अन्न दाण्यात जातं. चांगल्या शेतात गेन्सने एकरी 100 बुशेलच्या वर, म्हणजे 27 क्विंटलच्या पुढे उत्पादन दिलं.

त्याच संकराचं थोडं बी व्होगेल यांनी मेक्सिकोत काम करणारे कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना पाठवलं होतं. तिथे त्यातून वसंती बुटके गहू तयार झाले, त्यातल्या लर्मा रोहोसारख्या वाणांचं 18,000 टन बियाणं 1966 मध्ये भारताने मागवलं, आणि आपले कल्याणसोना-सोनालिका हे गहू त्याच मेक्सिकन सामग्रीतून निवडलेले. म्हणजे गेन्स आपल्याकडे कधीच पेरला गेला नाही, पण त्याची भावंडं आली.

एक गोष्ट मात्र गेन्सचे गोडवे गाताना कोणी फारशी सांगत नाही. तोच बुटकेपणाचा जीन कोंबाचं संरक्षक आवरणही आखूड करतो. पलूसच्या पश्चिमेला पाऊस फारच कमी, तिथले शेतकरी ओल गाठायला बी बोटभर नाही तर चांगलं वीतभराच्या आसपास खोल पेरतात, आणि तेवढ्या खोलातून बुटक्या गव्हाचा कोंब वर येता येता दमतो, वरून मातीची पपडी धरली तर संपलंच. त्या कोरड्या पट्ट्यात बरेच जण मोरो नावाच्या, जोमाने उगवणाऱ्या गव्हालाच धरून राहिले. कोंब आखूड न करता फक्त काडी आखूड करतील असे वेगळे बुटकेपणाचे जीन वापरून वाणं बनवायचं काम अजून चालू आहे.