थिनर बदलले, यकृताचं दुखणं तेच

सॉल्व्हंटच्या, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाच्या, वाफेने यकृत निकामी होऊ शकतं, हे ठळकपणे लक्षात आलं ते विमानांच्या कारखान्यांत. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाचे पंख लाकडी सांगाड्यावर लिननचं कापड ताणून करत. कापड ढोलासारखं तट्ट बसावं म्हणून त्यावर ‘डोप’ फासायचं, म्हणजे टेट्राक्लोरोइथेनमध्ये विरघळवलेलं सेल्युलोज ॲसिटेट. लंडनजवळ हेंडनला १९१४-१५ मध्ये डोप फासण्याच्या खात्यातल्या कामगारांची आधी भूक गेली, मग डोळे पिवळे झाले, आणि काही जण दगावले. डॉ. विल्यम विलकॉक्स यांनी तपास करून टेट्राक्लोरोइथेनवर बोट ठेवलं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती खालीच साचते. १९१६ पासून ब्रिटनमध्ये विषजन्य कावीळ सरकारला कळवणं सक्तीचं झालं.

टेट्राक्लोरोइथेन मागे पडलं, पण त्याच घराण्यातलं कार्बन टेट्राक्लोराइड जोरात होतं. ते पेट घेत नाही आणि ग्रीस चटकन सोडवतं, म्हणून ड्रायक्लीनिंगपासून आग विझवण्यापर्यंत सगळीकडे वापरलं गेलं. १९२० च्या दशकात तर हुकवर्म या आतड्यातल्या जंतावर औषध म्हणून ते लोकांना पाजलंही! यकृत या रसायनाचा निचरा करायला जातं आणि त्यातूनच आणखी घातक तुकडे तयार होतात. दारूमुळे हे काम करणारं एन्झाइम वाढतं, म्हणून पिणाऱ्याला जास्त फटका बसतो. पण याच दारूने पुढे मालकांची सोय केली. यकृत बिघडलं की ‘पीत असेल’ एवढं म्हटलं की विषय संपतो.

या सबबीला चांगलं उत्तर मिळालं १९८८ मध्ये. अमेरिकेतल्या एका कारखान्यात कापडावर पॉलियुरेथेनचा थर चढवत आणि त्यासाठी डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, वापरत. एका कामगाराच्या यकृताचा विकार डॉक्टरांच्या नजरेस आला, तेव्हा त्यांनी बाकीच्यांनाही तपासलं. उत्पादन खात्यातल्या ४६ पैकी ३५ जणांच्या रक्तात यकृताचे एन्झाइम वाढलेले होते. इतर कामांवरच्या १२ जणांपैकी फक्त एकाच्या. शिवाय यकृताच्या तपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन एन्झाइम मोजतात. दारूने यकृत खराब झालं असेल तर सहसा एसजीओटी जास्त असतं. इथे एसजीपीटी वरचढ होतं. सगळा दोष बाटलीवर ढकलायला जागाच उरली नाही. डीएमएफ कातडीतूनही आत शिरतं, त्यामुळे नुसती हवा मोजून भागत नाही. कामाची पाळी सुटल्यावर लघवीची तपासणीही करावी लागते.

मला सर्वांत अस्वस्थ करतं ते जपानमधलं ओसाका प्रकरण. तिथल्या एका छापखान्यात ऑफसेट छपाईचे प्रूफ, म्हणजे पक्क्या छपाईआधीचे नमुने, काढत. प्रूफच्या कामात थोडेच कागद छापायचे, लगेच यंत्राच्या रबरी ब्लँकेटवरची, म्हणजे छाप उमटवणाऱ्या पट्ट्यावरची, शाई पुसायची आणि पुढचं काम लावायचं. म्हणजे दिवसभर हातात सॉल्व्हंटचा बोळा, तोही तळघरात, जेमतेम हवेत. पुसायला १,२-डायक्लोरोप्रोपेन होतं. इतर सॉल्व्हंटवर कायद्याचे निर्बंध होते, यावर तेव्हा नव्हते. २०१२ मध्ये बातमी फुटली तेव्हा कळलं की ऐन पंचविशी ते पंचेचाळिशीतल्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला होता. हा एरवी म्हातारपणाचा आजार. एकाच छापखान्यात पुढे असे १७ रुग्ण मोजले गेले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या रसायनाला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ‘यादीत नाही’ आणि ‘बिनधोक’ यांतला फरक कळायला इतकी माणसं जावी लागली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमात, तिसऱ्या अनुसूचीत, विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदवला गेला. हा कायदा २०२५ पर्यंत लागू होता; त्याच्या कलम ८९ नुसार कारखान्याच्या व्यवस्थापकाने तो आजार कळवायचा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही. पण कावीळ म्हटली की आपल्याला आधी आठवतं पावसाळ्यातलं गढूळ पाणी, नाहीतर कावीळ उतरवणारा. थिनरच्या डब्याजवळ आठ तास बसणाऱ्याला ‘कामाला कुठे असता, हाताला काय लागतं?’ हे केसपेपर काढतानाच विचारलं, तर आजार कळवण्याचा निदान अर्ज तरी भरला जाईल.