माशाच्या पोटातला फुगा आणि फिश फाइंडर

परवा बामणोलीहून शिवसागरात, म्हंजे कोयना धरणाच्या जलाशयात, होडीनं गेलो होतो. होडीवाल्या काकांनी कडेला फिश फाइंडरचा, म्हंजे आवाज सोडून मासा शोधायच्या मशीनचा, छोटा स्क्रीन बसवलाय, त्यावर माशांची चित्रं एकामागं एक सरकत होती, म्हटलं काका टाका की जाळं. काका हसले, "आरं ती झाडं हायती, धरणात बुडालेली. टाकलं तर जाळंच फाटंल." कोयनेचं पाणी साठच्या दशकात चढलं, त्यातली खोडं अजून खाली उभी आहेत आणि मशीन त्यांनाच मासा समजतंय. मग म्हटलं ही भानगड मुळात आली कुठून ते बघू.

सुरुवात १८२६ ची. जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडॉन नावाच्या शास्त्रज्ञानं दोन होड्या लांब लांब उभ्या केल्या, एकीवरून पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची, त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवायची, आणि दुसऱ्या होडीवरचा माणूस पाण्यात नळी सोडून कान लावून बसलेला, उजेड दिसला की घड्याळ चालू, आवाज आला की बंद. उत्तर आलं सेकंदाला साधारण १४३५ मीटर, म्हंजे हवेच्या चौपट जास्त. आजचं मशीन पण आवाजाला लागलेला वेळच मोजतं, फक्त आवाज खाली सोडून तो उलटून परत येईपर्यंतचा, आणि तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीतला. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात आवाज परत आला तर तळ साधारण ३० मीटरवर, कारण जाऊन-येऊन धरायचं.

मधला काळ सगळा अपघात आणि लढाईचा. १९१२ ला टायटॅनिक बुडालं, १९१४ ला फेसेंडन नावाच्या संशोधकानं आवाजावरून हिमनग ओळखून दाखवला, मग पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला लान्जव्हॅन या फ्रेंच शास्त्रज्ञानं क्वार्ट्झ नावाचं स्फटिक वापरलं. क्वार्ट्झ दाबलं की वीज देतं हे क्युरी भावांनी १८८० मध्येच शोधलेलं, आणि वीज दिली की ते थरथरतं हे त्यांनीच पुढच्या वर्षी दाखवलेलं. म्हंजे बोलायला आणि ऐकायला एकच तुकडा.

माशांपर्यंत हे आणलं जपानच्या नागासाकीकडच्या फुरुनो भावांनी, १९४८ मध्ये. बोटींवर वायरिंगची कामं करताना कोळ्यांकडून कळलं की बुडबुडे येतात तिथं खाली मासा असतो. बुडबुड्यावरून आवाज उलटतो हे डोक्यात ठेवून त्यांनी लढाईतून उरलेलं खोली मोजायचं यंत्र घेतलं आणि खटपट सुरू केली. पुढं कळलं की खरा आवाज उलटतो तो माशाच्या पोटातल्या हवेवरून. घरी कटला साफ करताना दोन कप्प्यांचा पांढरा फुगा निघतो बघा, लहानपणी आम्ही पायाखाली फाटकन फोडायचो, तोच. मुशीला, म्हंजे शार्कला, हा फुगा नसतो म्हणून ती स्क्रीनवर फिकी दिसते.

काकांनी माशांची चित्रं बंद करून साध्या रेघा लावल्या. खोड उभं दिसतं, मासा कमानीसारखा, कारण आवाज खाली पसरत जातो, मासा कडेनं आत शिरतो तेव्हा लांब, मधे आला की जवळ, परत लांब. दोन-तीन कमानी दिसल्या तिथं संध्याकाळी जाळं सोडलं. सकाळी दोन कटले, बाकी सगळी चिलापी.